बघूया सर

आमच्या सर्जनचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडली नाही. वॉर्डबॉयपासून कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'बघूया सर' म्हणायचे. कुणी पोट धरून आलं की हे शांतपणे हात लावणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "बघूया." इकडे नातेवाइकांचा जीव टांगणीला लागलेला. एखादा वैतागून विचारायचाच, "म्हणजे डॉक्टर, ऑपरेशन आहे की नाही?" त्यावरही उत्तर ठरलेलं, "तेच बघूया."

मी भूल देणारी डॉक्टर. माणसाला झोपवायचं आणि आठवणीने उठवायचं, हा माझा धंदा. सर्जन लोकांची भीड मला कधी वाटली नाही, कारण माझं स्टूल पेशंटच्या उशाशी असतं आणि तिथून समोरचा सर्जन चांगला उघडा दिसतो. कोण घाबरला की नर्सवर खेकसतो, कोण रक्त पाहिलं की विनोद सांगायला लागतो, कोण टाके घालताना गातो आणि किती बेसूर गातो, सगळं मला पाठ. बघूया सर खेकसत नसत, गात नसत, विनोदही सांगत नसत. "अहो सर, तुमच्याबरोबर काम करायचं म्हणजे मलाच भूल चढते," असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. ते हसायचे. मास्कमुळे हसू फक्त डोळ्यांत दिसायचं.

त्यांची एक पद्धत होती. पोटात नेमकं जिथे दुखतंय तिथे बोट टेकवायचं आणि खिशातल्या निळ्या पेनाने कातडीवर एक गोल काढायचा. मग निघून जायचं. काही तासांनी परत यायचं, पेशंटशी त्याच्या मुलांच्या शाळेबद्दल, नाहीतर गाडीच्या मायलेजबद्दल बोलता बोलता पुन्हा तिथेच दाबायचं. दुखणं गोलातच आहे, की सरकलंय, की विरत चाललंय, यावर सगळा निर्णय. दुखणं तिथेच ठाण मांडून बसलं, ताप चढायला लागला, पोट कडक झालं, की मला फोन यायचा, "मॅडम, या." त्या आवाजाला मी हातातला चहा टाकून पळायचे, कारण मग खरंच कापायचं असायचं. आणि त्यांनी कापायला घेतलेलं पोट आतून साफ निघालं, असं माझ्या पाहण्यात क्वचितच झालं. बाकीचे लोक सलाईन घेऊन, पोटावर निळा गोल घेऊन चालत घरी जायचे. एका बस ड्रायव्हरने तर तो गोल आठवडाभर धुतला नव्हता. भेटेल त्याला शर्ट वर करून दाखवायचा, "डॉक्टरांनी सही करून सोडलं!"

मग हॉस्पिटल विकलं गेलं.

जुने विश्वस्त थकले होते, एका कंपनीने ते घेतलं. भिंतींना रंग लागला, स्वागतकक्षात कुंड्या आल्या, लिफ्टमध्ये संगीत वाजायला लागलं. व्यवस्थापक म्हणून एक तरुण गृहस्थ आले. माणूस सभ्य, आवाज कधी चढवला नाही, पण बोलताना दर वाक्याला बोटाने हवेत एक चढती रेष काढायची खोड. आम्ही त्यांचं नाव 'ग्राफ' ठेवलं. या ग्राफनी डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि तिथे मोठा स्क्रीन लावला. त्यावर चार सर्जनांची नावं, समोर त्या महिन्यात ज्याने-त्याने केलेली ऑपरेशनं. नाव हिरवं, पिवळं किंवा लाल. चहा प्यायला बसलं की समोर तेच. बघूया सर पहिल्या महिन्यात लाल, दुसऱ्या महिन्यात लाल.

"रंग तुम्हाला शोभतो," मी चिडवलं.

"वय झालं मॅडम, आता कुठलाही शोभतो," ते म्हणाले.

पण विनोद फार दिवस चालला नाही. कायमच्या नोकऱ्या काढून टाकल्या गेल्या, दर वर्षी नवा करार आला, आणि लाल नावाचा करार पुढे होईल की नाही याची हमी ग्राफ देईनात. बाहेर बघावं तर बाहेर काय होतं? आमच्या ओळखीची छोटी हॉस्पिटलं एकेक करून दिवे मालवत होती, उरलेली हीच कंपनी गिळत होती. आता एक सर्जन फक्त गुडघे करतो, एक फक्त पित्ताशय, एक फक्त जाड माणसांना बारीक करतो. केस पांढरे झालेला, सगळ्या पोटाचा साधा सर्जन कुणाला नको होता. वर कुठेतरी मोठ्या शहरात यंत्राचे हात आले होते आणि ते चालवायला शिकलेली मुलंसुद्धा म्हणे नोकरीच्या रांगेत उभी होती.

सर स्वतःपुरते घाबरले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. "घरी बसेन, भाजी चिरेन," म्हणायचे. "भाजीला कुणी विचारत नाही, महिन्याला किती चिरली."

पण घरात मुलगी होती. तीही सर्जन झालेली, नुकतीच.

मी त्यांच्याकडे रविवारी चहाला जायचे. दोन खोल्या, एक लांबट गॅलरी, पुस्तकांच्या ओझ्याने मधोमध वाकलेली फळी. त्या घरात एकही खुर्ची धड नव्हती. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला, ड्रॉवरच्या मुठींना, खिडकीच्या गजांना काळ्या दोऱ्याच्या गाठी मारलेल्या असायच्या. मुलगी बसल्या बसल्या एका हाताने गाठी मारायची, हात विसरू नयेत म्हणून. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, कात्री घेऊन मागे फिरायच्या. "लग्नाचं नाव काढलं की पळते आणि माझ्या खुर्च्यांना मात्र बांधून ठेवते," असं म्हणत गाठी कापायच्या. मुलगी मला मावशी म्हणायची. हुशार, उंच, बापासारखेच लांब बोटांचे हात. वर्षभर ती मुलाखती देत हिंडत होती.

"आज काय झालं गं?" मी विचारायचे.

"आज विचारलं, तुमच्या नावावर किती ऑपरेशनं आहेत," ती म्हणायची. "मी म्हटलं, करू दिली तर होतील ना. मावशी, सगळ्यांना अनुभव हवाय आणि तो द्यायचा मात्र दुसऱ्याने."

पुढच्या रविवारी, "आज विचारलं, येताना सोबत किती पेशंट आणाल. जसे काही मी घरी पाळलेत."

आम्ही खूप हसलो होतो त्यावर. नंतर नंतर ती किस्से सांगेनाशी झाली. एके रविवारी दार लावून आतच बसली, आणि वहिनी मला हळूच म्हणाल्या, "काल म्हणत होती, उगाच शिकले. एवढी वर्षं घालवली, आता दुसरं काही येतही नाही." सर समोर बसले होते. त्यांनी ऐकलं. कप बशीत ठेवून ते खुर्चीच्या पाठीची एक गाठ सोडवायला लागले, ती सुटेना. मी तो हात उघड्या पोटात तासन्‌तास पाहिलाय, कधी अडला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि कुणाचा कोण जाणे, रागही आला.

त्याच आठवड्यात ग्राफनी सरांना बोलावलं. काय बोलणं झालं ते सरांनीच मला जिन्यात सांगितलं. लाल नाव हिरवं झालं, तर त्यांच्या युनिटला एक हाताखालची जागा काढता येईल. वर्षभर मदतनीस, मग स्वतंत्र. जागेवर कुणाला घ्यायचं ते सरांनी ठरवावं. ग्राफनी धमकी वगैरे काही दिली नव्हती. फक्त हवेत रेष काढली होती.

"म्हणजे काय करायचं म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही. फक्त ताटकळत ठेवू नका म्हणाले, पेशंटला."

बदल एकदम झाला नाही. आधी फक्त 'बघूया'नंतरचा वेळ आखडला. सकाळी पाहिलेलं पोट दुपारच्या यादीत यायला लागलं. मग छोटे हर्निया, ज्यांना ते पूर्वी 'तो तुम्हाला विसरलाय, तुम्हीही त्याला विसरा' म्हणून परत पाठवायचे, ते टेबलावर यायला लागले. मग पित्ताशयातले खडे, कुणाला कधी न दुखलेले, कुठल्याशा तपासणीत सहज दिसलेले. पेन खिशात होतंच, पण ते आता कागदांवर सह्या करायला निघायचं. स्क्रीनवर नाव पिवळं झालं. ग्राफनी केक मागवला. सरांनी एक तुकडा घेतला आणि खिडकीशी उभं राहून खाल्ला.

आमच्या थिएटरचे गाऊन आणि चादरी शिवणारा एक शिंपी होता. हिशोबाला यायचा तेव्हा माझ्या कोटाचं सुटलेलं बटण फुकट लावून द्यायचा आणि वर ऐकवायचा, "डॉक्टरीणबाई, माणसं शिवता, बटण नाही येत?" त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. त्रास काही नव्हता. सरांनी त्याला सांगितलं, काढून टाकू, पुढची कटकट नको. शिंप्याचा त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास. हसत हसत टेबलावर चढला.

चौथ्या दिवशी तो पिवळा पडून परत आला. आत पित्त झिरपत होतं. असं कधीतरी होतं, कुणाच्याही हातून होतं, पुस्तकात तसं लिहिलेलंही आहे. पण जे ऑपरेशन करायलाच नको होतं, त्यात ते झालं, तर पुस्तकाचा काय उपयोग? दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं. शिंपी जगला. वजन निम्मं झालं, मशीनला पाय मारायची ताकद राहिली नाही, दुकान भावाने घेतलं. सर रोज त्याच्या खाटेशी जाऊन उभे राहायचे, आणि तो बिचारा त्यांनाच धीर द्यायचा, "तुम्ही होतात म्हणून वाचलो."

महिनाअखेरीस मी स्क्रीन पाहिला. शिंप्याची दोन ऑपरेशनं, दोन्ही मोजली होती. नाव हिरवं झालं होतं.

मी सरांना गाठलं. कपडे बदलायच्या खोलीबाहेर, बुटांच्या रॅकपाशी. म्हटलं, "सर, हे काय चाललंय?"

त्यांनी बूट हातात घेतला, पुन्हा ठेवला. "एक वर्ष, मॅडम. तिचं नाव लागू दे. एकदा ती पायावर उभी राहिली की मी आहेच. पूर्वीसारखं."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही आहात ना. तुम्ही सांगा मला, कुठे चुकतंय ते."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात एक शाळेतल्या बाई आल्या, पोटदुखी घेऊन. मी त्यांना तपासलं आणि सरळ सांगितलं, मी आज भूल देणार नाही, उद्या सकाळी पुन्हा बघा, मग ठरवा. सर मान खाली घालून उभे राहिले, आणि मला वाटलं, जमलं. तेवढ्यात ग्राफ आले. हसले, म्हणाले, "मॅडम, तुम्ही दमला असाल, घरी जा." मी टोपी काढून केस विंचरेपर्यंत बाहेरून दुसरा भूल देणारा आलासुद्धा. फोनवर बोलावलेला, माझ्या निम्म्या वयाचा, पाठीवर बॅग. मला नमस्कार करून आत गेला. त्यालाही कुठेतरी घर चालवायचं असणार. सरांनी हात धुतले आणि तेही त्याच्यामागून आत गेले. माझ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

मुलीला जागा मिळाली. पहिल्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला मिठी मारून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू? पोरगी खुशीत होती. थिएटरच्या निळ्या कपड्यांत ती बापासमोर, टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "चार हात एकाच माणसाचे वाटतात." थिएटरमध्ये ती त्यांना सर म्हणायची आणि मला मॅडम. वर्षभर ती तिथे उभी होती. पोटात सोडायचा कॅमेरा धरला, चिमटे दिले, टाके घातले, मग अर्धं ऑपरेशन, मग पूर्ण. हात इतका सुरेख की मलाही कौतुक वाटायचं. बाप बोलून फारसं शिकवणारा नव्हताच, ती बघून शिकली.

वर्ष सरलं. स्क्रीनवर पाचवं नाव आलं. तिचं. लाल.

मी सरांकडे पाहत राहिले. आता हा माणूस थांबेल, मी मनात म्हणत होते, आता तरी. आणि खरंच, त्या दिवसांत त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. एका पेशंटला त्यांनी दोन दिवस नुसतं ठेवून घेतलं. मला आशा वाटायला लागली.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. छापखान्यात काम करणारा एक तरुण आला, नखांत शाई, सोबत नवी नवरी. आदल्या संध्याकाळपासून पोटात उजवीकडे दुखत होतं. अंगात कणकण. मी पाहिलं तेव्हा तो बोलताना हसत होता, कूस बदलत होता. अपेंडिक्स असेलही, नसेलही, सकाळच्या त्या घडीला देवसुद्धा सांगू शकला नसता. मुलीने त्याला यादीत घातलं होतं.

"सरांनी पाहिलंय का याला?" मी विचारलं.

"सर ओपीडीत आहेत, गर्दी आहे. आणि केस माझी आहे, मॅडम," ती म्हणाली. उर्मटपणे नाही. आनंदाने.

मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मी एकदा पाहिलं होतं. पाठीवर बॅग घेतलेला तो मुलगा अजूनही फोन उचलत होता. निदान उशाशी मी असेन, असा विचार करून मी पेशंटच्या हाताला सुई लावली. तो म्हणाला, "बाई, माझ्या बायकोला सांगा घाबरू नको," आणि झोपला.

सर मध्येच आत आले, तेव्हा काम झालं होतं. तीन छोटी छिद्रं, रक्ताचा एक थेंब वाया गेला नव्हता. काढलेलं अपेंडिक्स ट्रेमध्ये पडलं होतं. गुलाबी, मऊ, करंगळीएवढं, कशाचा म्हणून दोष नसलेलं. नर्सबाईंनी ते बाटलीत घालायला उचललं. सरांनी हात पुढे करून त्यांना थांबवलं आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"किती वाजता तपासलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"आला तेव्हाच. साडेआठला."

"आणि नंतर?"

"नंतर काय?"

"नंतर पुन्हा कधी हात लावलास पोटाला?"

तिला प्रश्न कळलाच नाही. ती टाका घालता घालता थांबली आणि वर पाहिलं. "पुन्हा कशाला?"

"थांबून, बाळा. थोडं थांबून, पुन्हा एकदा."

"बाबा," ती म्हणाली. थिएटरमध्ये तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "वर्षभर तुमच्यासमोर उभी होते. तुम्हाला एकदाही थांबताना पाहिलं नाही मी. मला वाटलं, ज्यांना येत नाही ते थांबतात."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी तिला झापलं असतं, बापाने झापलं असतं, काहीतरी झालं असतं. ती खरंच सांगत होती. सांगून झाल्यावर तिने शेवटचा टाका घातला, गाठ मारली, एका हाताने, आणि दोरा कापला. नर्सबाईंनी ते अपेंडिक्स बाटलीत घातलं. सर एवढे उंच, पण दिव्याखाली मला ते एकदम लहान दिसले.

मी औषधं बंद केली. माझं काम थांबून चालत नाही. पेशंटच्या गालावर थापट्या मारल्या, हाक मारली, श्वास बघितला. त्याने डोळे उघडले. आधी मला शोधलं, मग त्या पोरीला ओलांडून त्याची नजर सरांवर गेली. पांढरे केस दिसले म्हणून असेल, त्याला तेच मोठे डॉक्टर वाटले.

"डॉक्टर," तो जड जिभेने म्हणाला, "वेळेवर आलो ना मी?"

मुलगी हातमोजे काढत होती, तिनेही वडिलांकडे पाहिलं. मी पाहिलं. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो," ते म्हणाले. "अगदी वेळेवर आलास."

तो हसला आणि त्याने डोळे मिटले. वॉर्डबॉयने चाकांचे ब्रेक सोडले आणि खाट बाहेर ढकलली, बाहेर त्याची बायको उभी होती.